चाकरमानी लेखणी

"ह्याचे तुला पैसे मिलतात?"

मे महिना संपत आला होता. संगमेश्वर तालुक्यातल्या एका कोंडावर, मांगराच्या सावलीत आजी अढीतले आंबे निवडत बसली होती आणि मी शेजारी वही घेऊन. पेंढ्यातून एकेक आंबा काढायचा, देठाशी हुंगायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा, मग उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचा. हे सगळं बोलता बोलता. एक आंबा तिने माझ्यासमोर कापला. वरून सोन्यासारखा, आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग. "साका," ती म्हणाली. मी लिहिलं. मग डेख, चीक, झेला. झेल्याने डेखासकट उतरवलेल्या फळावर चीक ओघळत नाही, ओघळला की डाग पडतो, डाग पडला की दलाल भाव पाडतो. तीन शब्द विचारले तर आख्खा बाजार कळतो, तो असा.

आणि मग तो प्रश्न. मिळतात, म्हटलं, थोडे. "थोडे म्हंजे?" मी आकडा सांगितला. एका दीर्घ लेखाचा, तोही वेळेवर मिळाला तर. तिने हातातला आंबा खाली ठेवला. "आरं बाला, एप्रिलच्या पयल्या पेटीयेवडे पन नाय." जरा वेळाने तिने खरा प्रश्न विचारला. "मग चाकरी काय करतोस?"

चाकरी. भाषा आणि संस्कृती या विषयांवर कुणाची नोकरी न करता, वेगवेगळ्या अंकांसाठी आणि प्रकाशकांसाठी लिहिणाऱ्या माणसाची सगळी कहाणी या एका शब्दात आहे, हे मला तिथून परत येताना एस्टीत कळलं. रत्नागिरी जिल्ह्याने या विषयांवर लिहिणारी जी मोठी माणसं मराठी मुलखाला दिली, ती जवळजवळ सगळी चाकरमानी होती.

चाकरमानी हा शब्द कोकणाबाहेरच्या वाचकाला बातम्यांतून माहीत असतो. गणपतीच्या जादा गाड्या, महामार्गावरची कोंडी, चाकरमान्यांचे हाल. इथे मात्र त्याला घराचा वास आहे. गिरणीत, गोदीत, पालिकेत राबायचं, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर धाडायची आणि शिमग्या-गणपतीला घरी यायचं, असा तो माणूस. त्याच्या मनीऑर्डरीवर इथली भातशेती तगली, पोरांच्या फिया भरल्या गेल्या, घरांवर कौलं चढली. २०२५च्या गणपतीच्या तोंडावर सरकारी कागदांत हा शब्द नको, 'कोकणवासीय' लिहा, अशी सूचना वरून निघाली. चाकर म्हणजे नोकर, म्हणून कमीपणा. गंमत अशी की याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकर भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते. 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द आज आपण बिनदिक्कत वापरतो ते त्यांच्यामुळे. चाकरवर त्यांनीही काट मारली असती, पण तो शब्द फारसी आहे म्हणून. दोन निराळ्या कारणांनी एकाच शब्दावर गदा. गावात मात्र अजून कुणी "आमचे कोकणवासीय कधी येणार?" असं विचारत नाही.

या चाकरमान्यांतला सगळ्यात ठळक लेखक म्हणजे धनंजय कीर. जन्म रत्नागिरीचा, २३ एप्रिल १९१३. मूळ नाव अनंत विठ्ठल कीर. भंडारी समाजातलं, बेताच्या परिस्थितीतलं घर. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१मध्ये सर्वांना खुलं झालं, तेव्हा हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. म्हणजे ज्या गावात सहभोजनांवरून आणि देवळाच्या पायरीवरून रोज वाद होत होते, त्या गावात तो वाढत होता. पुढे तो मुंबईला गेला, इथली पोरं जातात तसाच, आणि १९३८पासून महापालिकेच्या शिक्षण विभागात कारकून म्हणून चिकटला.

एका कारकुनाने पुढे जे केलं ते कागदावर मांडलं की आजही विश्वास बसत नाही. १९५० साली सावरकरांचं इंग्रजी चरित्र. १९५४ साली आंबेडकरांचं, तेही बाबासाहेब हयात असताना. १९५९ साली टिळकांचं. ही तिन्ही पुस्तकं पालिकेच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने संध्याकाळी, रात्री आणि रविवारी लिहिली. लिहिली म्हणजे आधी कागद शोधले, जुने अंक चाळले, माणसांना गाठलं, पत्रं पाठवली, उत्तरांची वाट पाहिली. चरित्रलेखनात लिहिणं हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग असतो. सावरकर-चरित्राचं सालही लक्षात घ्यावं. गांधीहत्येच्या खटल्यातून सावरकर सुटून जेमतेम वर्ष झालं होतं. त्या हवेत निमसरकारी नोकरीतल्या माणसाने हा विषय स्वतःच्या नावाने छापायचा, याला काळीज लागतं. मग चारच वर्षांत आंबेडकर. ज्यांना हे दोन नायक एका कपाटात ठेववत नाहीत, त्यांच्यासाठी कीर अजून अडचणीचे आहेत.

कीरांच्या या तीन नायकांकडे मी अलीकडे नकाशा पुढे ठेवून पाहतो. टिळक जन्मले रत्नागिरीत, १८५६ साली. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, याच जिल्ह्यातलं. सावरकर १९२४ ते १९३७ एवढा काळ इथे स्थानबद्ध. मुंबईच्या कचेरीत बसून कीर भारताचा इतिहास लिहीत होते असं सगळे म्हणतात. मला वाटतं, पहिली पंधरा-वीस वर्षं ते आपल्या जिल्ह्याचाच इतिहास लिहीत होते, फक्त त्याचा विस्तार हिंदुस्थानभर होता. चाकरमान्याच्या डोक्यातलं गाव कधी सुटत नाही.

१९६२मध्ये कीरांनी नोकरी सोडली. आता दिवसाचे चोवीस तास आपले. हिशेब करायचा मोह होतोच. नोकरीत असताना इंग्रजीत तीन मोठी चरित्रं, नोकरी सोडल्यावर तीन: १९६४ साली महात्मा फुले, १९७३ साली गांधी, १९७६ साली राजर्षी शाहू. मधल्या काळात मराठी आवृत्त्या आल्या आणि स. गं. मालशे यांच्याबरोबर 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' संपादित झालं, जे राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९मध्ये छापलं. हे काम नुसतं मोजून भागत नाही. फुल्यांवर आज जो कुणी बोलतो, बाजूने किंवा विरुद्ध, तो त्या ग्रंथावाचून बोलू शकत नाही. तरी तो तीनास तीन हिशेब माझ्या मनातून जात नाही. स्वतंत्र लेखकाला वाटतं, नोकरी नसती तर मी दुप्पट लिहिलं असतं. कीरांच्या बाबतीत तसं झालं नाही. सुटलेले कचेरीचे तास बहुधा कागद शोधण्यात गेले असावेत, कारण पुढचे विषय जास्त खोल होते. किंवा मग कचेरीच शिस्त लावत होती. मीही बरीच वर्षं एका खासगी कंपनीत हिशेब लिहिले आहेत. साडेपाचला सुटका झाल्यावर जे दोन तास मिळायचे, त्यात मी जेवढं लिहायचो तेवढं आता आख्ख्या दिवसात होत नाही. दिवस मोकळा असला की तो वर्तमानपत्र खातं.

१९७१मध्ये कीरांना पद्मभूषण मिळालं, पुढे शिवाजी विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. दिली. १२ मे १९८४ला ते गेले. ना प्राध्यापकी, ना संशोधनाची शिष्यवृत्ती. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'कृतज्ञ मी, कृतार्थ मी'. मनीऑर्डर पोचल्याची पावती असावी तसं ते नाव आहे.

कीर माणसांवर लिहीत होते. शब्दांवर आणि वस्तूंवर लिहिणारा आमच्या जिल्ह्याचा माणूस दुसराच, आणि त्याचं नाव आज इथल्या शाळांतही फारसं कुणाला ठाऊक नाही. परशुराम कृष्ण गोडे. जन्म देवरुखचा, १८९१चा. पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली निघालं, १९१९मध्ये गोडे तिथे क्युरेटर झाले आणि १९६१ साली मृत्यूने सोडवेपर्यंत तिथेच राहिले. पद म्हणाल तर राखणदाराचं. डेक्कन कॉलेजातून आलेली सरकारी हस्तलिखितं सांभाळायची, याद्या करायच्या, मागेल त्याला पोथी काढून द्यायची, परत ठेवायची.

राखणदाराने राखता राखता चारशेहून जास्त शोधनिबंध लिहिले. कशावर? अत्तरांवर, चष्म्यावर, बांगड्यांवर, मक्यावर. आणि नथीवर. नथ म्हणजे आपल्याला वाटतं सनातन काळापासूनची. लग्नातल्या फोटोत ती नसली तर आजी फोटो पुन्हा काढायला लावते. गोड्यांनी काय केलं, तर नथीला साल विचारलं. संस्कृत ग्रंथ आणि कोश उलगडत गेले, आणि पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत नाकातल्या दागिन्याचा भक्कम पुरावा हाती लागत नाही, असं शांतपणे मांडून ठेवलं. कानातले आहेत, गळ्यातले आहेत, कमरेचे आहेत, पायातले आहेत. नाकातलं नाही. ज्या कवींनी नायिकेचं नखशिखान्त वर्णन करताना एक अवयव सोडला नाही, ते सगळे नाकापाशी येऊन गप्प कसे? हा प्रश्न विचारायला पांडित्य लागतंच, पण त्याआधी पोथ्यांची धूळ झटकण्यात घालवलेली दुपार लागते. हजार पानं वाचून एक गोष्ट *नाही* असं म्हणण्याचे पैसे कुठलंच मासिक देणार नाही. गोड्यांना ते पगारातून मिळाले.

इथे कीर आणि गोडे यांच्यात फरक आहे. कीरांची चाकरी लेखनापासून फटकून होती, तिने फक्त पोट भरलं. गोड्यांची चाकरी म्हणजे त्यांच्या लेखनाची विहीर. स्वतंत्र लेखनाची स्वप्नं पाहणारी तरुण मुलं मला अधूनमधून विचारतात, नोकरी कुठली धरावी? मी सांगतो, गोड्यांसारखी मिळाली तर नशीब, नाहीतर कीरांसारखी. मधली धरू नये. दिवसभर दुसऱ्यासाठी मजकूर लिहायचा आणि रात्री स्वतःसाठी, यात हात आधी थकतो आणि मग कान. भाषेवर लिहिणाऱ्याचा कान गेला की उरतं काय?

तिसरे चाकरमानी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. पांडुरंग वामन काणे, जन्म १८८०चा, चिपळूणजवळच्या परशुरामचा. रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात काही काळ मास्तर, पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकील. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली. पानं साडेसहा हजारांच्या आसपास. १९६३मध्ये भारतरत्न. त्यांचं नाव पंडितांच्या यादीत घेतात, पण ते ज्यावर जगले ते वकिलीचं उत्पन्न होतं, हे विसरू नये. धर्मशास्त्रात दान कुणाला द्यावं याची पानंच्या पानं आहेत. ती लिहिणाऱ्याला स्वतःला मात्र अशिलांकडून फी घ्यावी लागली.

चाकरीशिवाय हे करणारं कुणीच नव्हतं का? होते. कोकणातलेच, पण आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेचे, पेण तालुक्यातल्या वरसईचे वि. का. राजवाडे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड, धातुकोश, शब्दांच्या व्युत्पत्ती, आणि डिसेंबर १९२६मध्ये धुळ्यात शेवट. नोकरीत ते रमले नाहीत. तरुणपणीच विधुर झाले, पुन्हा लग्न केलं नाही, गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली. आपल्याकडे स्वतंत्र अभ्यासक म्हटलं की हाच पुतळा डोळ्यांसमोर येतो: एकटा, तापट, फाटका, कुणाचा मिंधा नसलेला. मला या पुतळ्याची भीती वाटते. त्याने किती जणांचे संसार उघडे पडले असतील ते मोजलं जात नाही. शिवाय राजवाड्यांना ठिकठिकाणी जेवू घालणारी, खोली देणारी, छपाईला हातभार लावणारी माणसं होती. म्हणजे मनीऑर्डर तिथेही होतीच, पाठवणारे वेगळे. पुढच्या काळात पुण्यात रा. चिं. ढेरे आणि मुंबईत दुर्गाबाई भागवत यांनीही विद्यापीठाच्या आधाराबाहेर राहून लोकसंस्कृतीचं एवढं मोठं काम उभं केलं. त्यांच्यावर लिहायचं तर वेगळा लेख हवा, आणि रत्नागिरी त्यात बसत नाही.

आता आजचं. आपण वाचताय त्या दिवाळी अंकापासूनच सुरू करतो. ही चाल मराठीत आणली का. र. मित्र यांनी, 'मनोरंजन'च्या १९०९च्या दिवाळी अंकाने. मित्र मूळचे आजगावकर, म्हणजे तेही कोकणचेच. आज भाषा-संस्कृतीवर लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं, आंबेवाल्याचं एप्रिल-मेभोवती फिरतं तसं. मार्चमध्ये संपादकांचे फोन, पावसात लेखन, श्रावणात मजकूर द्यायचा, गणपतीत मुद्रितं तपासायची. मग अंक येतो आणि आपण मानधनाची वाट पाहायला लागतो. अंक जाहिरातींवर उभा असतो, जाहिरातदार उशिरा पैसे देतात, कागदवाला आणि छापखाना थांबत नाहीत, लेखक थांबतो. म्हणून लेखक शेवटी. एका अंकाचा धनादेश मला एकदा गुढीपाडव्याला मिळाला, सोबत नव्या अंकासाठी लेख मागणारं पत्र. संपादकांनी टपालखर्च वाचवला होता.

बाकीचे महिने भाषांतरावर निघतात. माहितीपत्रकं, औषधाच्या डबीतली घडी, कंपन्यांच्या जाहिराती, माहितीपटाखालची अक्षरं. अलीकडे यातलं बरंचसं यंत्राकडून करून घेतात आणि आमच्याकडे 'जरा नजर घाला' म्हणून येतं. नजर घालायचे पैसे निम्मे, आणि वेळ दुप्पट, कारण यंत्राने केलेली चूक चूक वाटत नाही. आंब्याच्या निर्यातीवरच्या एका मजकुरात साक्याला 'स्पंजी ऊती' लिहिलेलं मी खोडलं. वरून विचारणा झाली, हा कुठला शब्द, कोशात आहे का? कोशात असो नसो, बागेत आहे.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. इथेही पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला. अभिजाततेसाठी दोन हजार वर्षांमागचे पुरावे लागले, शिलालेख लागले, गाथासप्तशती लागली. ते मिळवलं त्यांचं कौतुकच आहे. पण साका, डेख, अढी, आवण, तरवा, गडगा, बेडं हे शब्द गोळा करायला कुणाला पाठवायचं, त्याला एस्टीचं भाडं कुणी द्यायचं, हा प्रश्न आजीने विचारला तेव्हा जिथे होता तिथेच आहे.

आणि तरी गोळा होतात. जिल्ह्याच्या सड्यांवरची कातळशिल्पं कुणी उजेडात आणली? सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी, आपापले व्यवसाय सांभाळून, रविवारी उन्हातान्हात सडे पालथे घालून. २०२२मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पुन्हा तेच, चाकरी आणि रविवार.

दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात प्रांतिक शब्दापुढे कंसात खूण असते: (कों.), (गो.), (राजा.). राजा. म्हणजे राजापुरी. मी ती खूण दिसली की थांबतो. राजापूरच्या कुठल्या तरी पडवीत कुणी तरी, बहुधा कामात असताना, तो शब्द सांगितला असणार आणि कुणी तरी तो टिपून पुण्याला धाडला असणार. त्याआधी १९०५मध्ये ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड आला, त्यात आमच्या संगमेश्वरी आणि बाणकोटी बोलींची दखल आहे. सर्वेक्षणाची ठरलेली पद्धत अशी की बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत लिहून घ्यायची, जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेमार्फत. म्हणजे आमच्या बोलीचा नमुना बहुधा एखाद्या कचेरीतल्या चाकरमान्याने उतरवला. घर सोडून गेलेल्या आणि फाटका होऊन परतलेल्या मुलाची गोष्ट त्याला परकी वाटली नसावी.

आजीला मी हे सांगितलं नाही. तिने चहा टाकला, फणसाचे गरे पुढे केले आणि जाताना सहा आंबे पिशवीत घातले, साका नसलेले, हाताने पारखलेले. पैसे विचारायची सोय नव्हती. तिच्या घराखालच्या ओहळाला काय म्हणतात, ते निघता निघता विचारलं. "पऱ्या," ती म्हणाली. मी एस्टीत बसून लिहून ठेवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून फोन आला. नातवाचा फोन, आवाज तिचा, मागे पावसाचा. "तो शब्द चुकला माजा," ती म्हणाली. "पऱ्या नाय तो. पऱ्या दिवालीला आटतो. आमच्यात शिमग्यापातूर पानी आसतं. व्हाळ लिव." मी विचारलं, एवढ्या पावसात कुठून बोलतेस? घरात रेंज नाही, म्हणाली, म्हणून खळ्याच्या टोकाला गडग्यावर चढून उभी आहे, आणि नातवाने छत्री धरली आहे.